गिरणाऱ्याचा मुक्काम आणि उशिरा उठणारा एसी

शुक्रवार

ऊन चढायच्या आत कसारा घाट मागे टाकायचा होता, म्हणून ठाण्याहून अंधारातच निघालो. एप्रिलअखेरचे दिवस. नवरा चाकावर, मागे लेक आणि बाबा. बाबांच्या नोकरीची पहिली वर्षं नाशिकरोडला गेली. गोदाकाठ पुन्हा एकदा बघायचा, हे त्यांनी मनात कधीचं धरून ठेवलं होतं. पण लॉजचे जिने, सामानाची चढउतर आणि दुपारचं ऊन आता त्यांना झेपत नाही. आमची मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, फोर्स ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधून घेतलेली आहे. टपावर 13,500 बीटीयूचा, म्हणजे टनाहून थोडा जास्त एसी आहे. बाबांना घेऊन उन्हाळ्यात निघायची हिंमत त्या एसीच्या भरवशावरच केली होती, जरी त्याचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, हल्ली उठायला, म्हणजे सुरू व्हायला, वेळ लावत होता.

इगतपुरीला चहा घेतला आणि दहाच्या सुमारास गिरणाऱ्याच्या अलीकडे, गंगापूर धरणाच्या अंगाला असलेल्या शेतावर पोचलो. मालक द्राक्षबागायतदार. बागेची खरड छाटणी होऊन गेलेली, ओलांड्यांवर, म्हणजे वेलींच्या आडव्या फांद्यांवर, पोपटी फुटवे निघालेले. गाडी आंब्याखाली लावली आणि घरातल्या बोर्डावरून वायर ओढून वीज घेतली.

एसीचा पंखा लगेच फिरायला लागला. पहिली तीन मिनिटं थंड हवा आली नाही, ते ठीकच आहे. कॉम्प्रेसर बंद झाला की एका बाजूला गॅसचा दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. दोन्ही दाब सारखे व्हायला वेळ लागतो, आणि तोवर कॉम्प्रेसर उठवायचा प्रयत्न केला तर तो अडतो. म्हणून आतलं कंट्रोल कार्ड मुद्दाम थांबतं. या तीन मिनिटांत बटणाशी खेळायचं नाही, कारण बंद-चालू केलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आमच्याकडे खरी अडचण तीन मिनिटांनंतर आली. वरून जड 'घूंऽऽ' आवाज, आतले दिवे मंद, मग 'टक्' आणि शांतता. पंखा तेवढा फिरत राहिला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. वीसेक मिनिटांनी कॉम्प्रेसर एकदाचा उठला आणि मग दुपारभर असा चालला की बाबांनी पांघरूण मागितलं.

ही खूण मला फार महत्त्वाची वाटते. निघायच्या आधी ठाण्यातल्या एका मेकॅनिकने लक्षणं ऐकताक्षणी "गॅस भरून घ्या" असं सांगितलं होतं. आपल्याकडे एसीच्या कुठल्याही दुखण्यावर हाच इलाज सांगतात. पण गॅस कमी असेल तर एसी उठतो आणि थंड करत नाही. आमचा उठायला वेळ लावतो आणि उठला की उत्तम थंड करतो. शिवाय असल्या टपावरच्या एसीची नळ्यांची जोडणी कारखान्यातच झाळून बंद केलेली असते. गॅस भरायला बहुतेकांत व्हॉल्व्हच नसतो, त्यासाठी नळी कापावी लागते. चांगली नळी विनाकारण कापू द्यायची नाही, हे मी तिथेच ठरवलं.

संध्याकाळी मीटर काढला. एसी बंद असताना घरातल्या बोर्डावर 221 व्होल्ट आणि गाडीत 217. मग नवऱ्याला बोर्डाजवळ उभं केलं, मी गाडीत थांबले आणि कॉम्प्रेसर जोर लावतो नेमक्या त्या क्षणी दोघांनी आकडे वाचले. बोर्डावर 205, गाडीत 182.

सगळी गोष्ट या दोन आकड्यांत आहे. निवांत असताना व्होल्टेज बघून काहीच कळत नाही. आमच्या एसीच्या पाटीवर चालतानाचा करंट साडेसहा अँपिअर आहे आणि उठतानाचा 33. हा दुसरा आकडा क्षणभराचाच, पण त्या क्षणी वायरीचा, पिनांचा, सॉकेटचा सगळा अशक्तपणा उघडा पडतो. आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. 230 च्या जागी 182 मिळाले तर जोर पाचव्या हिश्शाने कमी होत नाही, तो 63 टक्क्यांवर येतो. तेवढ्यात कॉम्प्रेसर उठत नाही, नुसता गुंगत राहतो. मग तापतो आणि त्याच्या अंगावरचा ओव्हरलोड नावाचा स्विच त्याला वाचवायला वीज तोडतो. 'टक्' तो त्याचाच.

शनिवार

सकाळी सहाला त्र्यंबकला निघालो. गाडी गावाबाहेरच्या तळावर ठेवून रिक्षा केली. नानासाहेब पेशव्यांनी उभारायला घेतलेलं काळ्या पाषाणाचं हे देऊळ बाबांनी पूर्वी पुष्कळदा पाहिलेलं, तरी दर्शनापेक्षा जास्त वेळ ते बाहेर उभं राहून शिखरच बघत होते. मागे ब्रह्मगिरी. 1,465 किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारी गोदावरी तिथे उगम पावते. लेकीला डोंगरावर चढायचं होतं, पण या उन्हात नको म्हटलं. कुशावर्तावर पाय बुडवून परत फिरलो.

वाटेत नाशिकमध्ये थांबून 4 चौरस मिलिमीटरची तीन कोअरची तांब्याची लवचीक वायर घेतली. शेतावरची वायर दीड चौरस मिलिमीटरची होती. ती वाईट नव्हे, दिवे, मिक्सर, पाण्याची छोटी मोटर यांना ती पुरते. पण दीडच्या तांब्याला किलोमीटरमागे साधारण 12 ओहम अवरोध असतो. तीस मीटर वायर म्हणजे जाण्यायेण्याचे साठ मीटर, म्हणजे पाऊण ओहमच्या जवळपास. उठताना पंचवीस अँपिअर जरी ओढले तरी अठरा-एकोणीस व्होल्ट वायरीतच जिरतात. चारच्या वायरीत हा तोटा सातच्या आत येतो. काल बोर्ड आणि गाडी यांच्यात 23 व्होल्टांचा फरक होता, त्यातला बराचसा इथेच सापडला. उरलेले चार-पाच गाडीच्या आतल्या जोडांत कुठेतरी होते, ते मनात ठेवले.

वायरीबाबत आणखी एक काळजी घेतली. जास्तीची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून एसी चालवला की आतले वेढे तापतात, म्हणून नवी वायर पूर्ण उलगडून बागेच्या कडेने टाकली.

दुपारी तीनला चाचणी. बोर्डावरच 198 व्होल्ट! मालक म्हणाले, "ताई, आत्ता थ्री फेज चालूये ना. सगळ्यांच्या मोटरी सुरू आहेत." छाटणीनंतरच्या फुटीला पाणी लागतंच, आणि शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने येते, त्यामुळे ती आली की त्या डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, साऱ्या विहिरी एकदम उपसायला लागतात. एसीने पुन्हा तसंच केलं, गुंगला आणि सुटला. बाबांना मालकांच्या घरात ओसरीवर नेलं. जाड भिंतींचं जुनं घर आहे, तिथे पंख्याखाली ते छान झोपले.

रात्री पंप थांबल्यावर बोर्डावर 226 झाले. जाड वायर, भरपूर व्होल्टेज, हवाही थंडावलेली. आता तरी पहिल्या झटक्यात उठायला हवा होता. उठला, पण दोन सेकंद अडखळून. म्हणजे वीज आणि वायर यांच्यापलीकडेही काही आहे. शंका कपॅसिटरवर गेली, म्हणजे मोटरला उठायला जोर देणाऱ्या डब्यावर.

रविवार

आज एसीला सुट्टी द्यायची असं लेकीने जाहीर केलं.

सकाळी पांडवलेणी. बाबा खाली झाडाच्या सावलीत पेपर वाचत बसले, आम्ही त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढलो. चोवीस लेण्यांत मला तिसऱ्या क्रमांकाचं सगळ्यात जवळचं. गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम तिथे कोरून ठेवलाय. दोन हजार वर्षांच्या आसपास एका आईचा अभिमान दगडावर टिकून आहे, हे लेकीला सांगताना माझाच आवाज जड झाला. खाली येऊन मिसळ खाल्ली: काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, सोबत पापड. बाबांनी रस्सा दोनदा मागून घेतला.

मग काळाराम मंदिर. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथेच सुरू झाला. बाबा दारात थांबून लेकीला त्याबद्दल बराच वेळ सांगत होते. पंचवटीच्या गल्ल्यांत आमची गाडी शिरणं शक्य नाही, ती तपोवनाकडे लावून रिक्षानेच फिरलो. रामकुंडावर ऊन टाळून संध्याकाळी गेलो.

शेतावर परतल्यावर जनरेटर काढला. आमचा पेट्रोलवरचा, 2.8 केव्हीएचा. एसी चालताना दीड केव्हीएच ओढतो, म्हणून कागदावर तो पुरेसा दिसतो. पण उठताना 33 अँपिअर म्हणजे क्षणभर साडेसात केव्हीएची मागणी. त्यात उंची. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या घरात आहे आणि पेट्रोल इंजिनाची ताकद दर तीनशे मीटरला अंदाजे साडेतीन टक्के कमी होते. म्हणजे ठाण्यात मिळते त्यापेक्षा इथे सात टक्के कमी, उन्हाळ्यात त्याहून जरा आणखी. आम्ही बटण दाबलं आणि जनरेटरवर ओव्हरलोडचा लाल दिवा लागला.

इको मोड बंद करून पाहिलं. इकोमध्ये इंजिन मंद फिरत असतं, आणि एसीने अचानक ओढल्यावर त्याला वेग घ्यायला जो वेळ लागतो तेवढ्यात कॉम्प्रेसर अडकतो. इको बंद, बॅटरी चार्जर बंद, गीझर बंद. एवढं केल्यावर लाल दिवा लागला नाही, पण कॉम्प्रेसरही उठला नाही.

सोमवार

नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये स्विचगियर आणि ट्रान्सफॉर्मर बनवणारे मोठे कारखाने आहेत, आणि त्यांच्या आसऱ्याने मोटर वाइंडिंगची बारकी बारकी दुकानं. मालकांनी अंबडमधल्या त्यांच्या नेहमीच्या वाइंडिंगवाल्या काकांकडे पाठवलं. काकांनी मोटरहोम कधी पाहिलं नव्हतं. दारातून आत डोकावून त्यांनी ओटा पाहिला, बिछाने पाहिले, बाबांना नमस्कार केला आणि मग विचारलं, "तक्रार काय?"

"उठायला वेळ लावतो. गुंगतो, मग टक् करून सुटतो. एकदा उठला की चालतो."

"म्हणजे सिंगल फेजच्या पाणबुडी पंपासारखंच. व्होल्टेज भेटत नसंल, नाहीतर कपॅसिटर उतरलाय. दोनच गोष्टी."

माझे सगळे आकडे मी वहीतून वाचून दाखवले. काकांनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "मग पहिलं निस्तरलंय तुम्ही. आता दुसरं बघू."

सकाळची वेळ असूनही टपावरचा पत्रा हाताला सोसत नव्हता. वीज बंद केली, गाडीची वायर सॉकेटातून काढून समोर ठेवली, मगच वरचं झाकण उघडलं. कपॅसिटरमध्ये वीज काढल्यावरही भार राहतो, त्याला तसाच हात लावणं जिवावर बेतू शकतं. काकांनी त्याच्या टोकांमध्ये रेझिस्टर धरून तो उतरवला आणि मीटरवर शून्य बघूनच वायरी काढल्या. ज्यांना हे करायची सवय नाही त्यांनी इथे थांबून जाणत्या माणसाला बोलवावं, हे मी अगदी मनापासून सांगते.

कपॅसिटर दुहेरी होता: कॉम्प्रेसरसाठी 35 मायक्रोफॅरड, पंख्यासाठी 5. पाटीवर अधिक-उणे पाच टक्के लिहिलेलं, म्हणजे 35 चा 33.25 पर्यंत घसरला तर चालेल. मीटरने दाखवलं 26.8. पंख्याची बाजू 4.9, म्हणजे ठणठणीत. पंखा पहिल्या सेकंदापासून का फिरायचा आणि कॉम्प्रेसर का अडायचा, ते एका डब्याच्या दोन टोकांवर वाचायला मिळालं. डबा वरून फुगलेलाही नव्हता. फुगलेला कपॅसिटर नक्की गेलेला असतो, पण न फुगलेला चांगला असतोच असं नाही, मोजावाच लागतो.

"मेला नाही, म्हातारा झालाय," काका म्हणाले. "उष्णतेनं होतं. तुमचा तर टपावर, झाकणाखाली, दिवसभर उन्हात."

मी विचारलं, जरा मोठा, 45 चा बसवला तर जास्त जोर मिळेल का? काकांनी साफ नकार दिला. कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला, म्हणजे मोटरच्या तारेच्या वेढ्यांना, जेवढा हवा तेवढाच लावायचा. जास्तीचा लावला तर स्टार्ट वाइंडिंगमधून सतत जास्त करंट जातो, ते तापतं आणि मग कॉम्प्रेसरच बदलावा लागतो. व्होल्टेजचं रेटिंग मात्र होतं तेवढं किंवा वरचं चालतं. 35 अधिक 5 चा, 440 व्होल्टचा नवा कपॅसिटर तीनशे रुपयांच्या आत मिळाला.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शेजारी गोल बिस्किटाच्या आकाराचा पीटीसी होता. उठताना तो स्टार्ट वाइंडिंगला जादा करंट देतो आणि स्वतः तापून बाजूला होतो. पुन्हा काम करायला त्याला थंड व्हावं लागतं, त्याला काही मिनिटं लागतात. घाईघाईने परत परत बटण दाबून एसी का उठत नाही, त्याचं हे दुसरं कारण. पीटीसी चांगला होता. पण कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या एका वायरीचं चापट टोक तपकिरी पडलेलं आणि सैल. शुक्रवारचे हरवलेले चार-पाच व्होल्ट इथे होते. काकांनी टोक कापलं, नवीन दाबून बसवलं, ओढून पाहिलं.

मग बाहेरचं कॉइल, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची आणि बारीक पत्र्यांची जाळी. पत्र्यांमध्ये घाटातली आणि शेतातली धूळ गच्च बसलेली. उष्णता बाहेर पडत नसली की गॅसचा दाब चढतो, आणि त्या दाबाविरुद्ध पुढच्या वेळी उठणं आणखी अवघड होतं. पाण्याची हलकी धार आतून बाहेर मारून कॉइल धुतलं. जोराचा फवारा मारायचा नाही, पत्रे आडवे होतात. वाळेपर्यंत काकांनी चहा सांगितला आणि बाबांशी नाशिकरोडच्या जुन्या दिवसांच्या गप्पा सुरू झाल्या. दोघांच्या ओळखीचं एक सलून निघालं, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे.

दुकानाच्या लाइनवर गाडी जोडली. 228 व्होल्ट. तीन मिनिटं आम्ही कोणीच बोललो नाही. मग वर 'धप्' असा एकच आवाज, आणि कॉम्प्रेसर चालू. दिव्यांनी जेमतेम डोळा मिचकावला. उठताना गाडीत 214 च्या खाली काटा गेला नाही.

मंगळवार

वणीच्या गडावर जायचं होतं. नांदुरीला, पायथ्याशी, गाडी ठेवली. बाबांना पायऱ्या शक्यच नव्हत्या, पण गडावरच्या गावातून मंदिरापर्यंत आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, पाचशेच्या वर पायऱ्या वाचतात. अठरा हातांच्या सप्तशृंगीसमोर बाबा हात जोडून बराच वेळ उभे होते. त्यांना ते दर्शन पुन्हा घडेल असं वाटलं नव्हतं, आणि मलाही.

दुपारी नांदुरीत जनरेटरची परीक्षा घेतली. आजूबाजूला कोणाला धूर आणि आवाज जाणार नाही अशी मोकळी जागा पाहिली आणि धुराचं तोंड गाडीपासून दूर केलं. इको बंद, चार्जर आणि गीझर बंद. कॉम्प्रेसर उठला. जनरेटर क्षणभर दबला आणि सावरला. चार्जर चालू ठेवून पाहिलं तर लाल दिवा लागला, म्हणजे जेमतेम निभतंय. सॉफ्ट स्टार्टर बसवला तर तो उठतानाचा करंट हळूहळू चढवतो आणि शिखर निम्म्याहून खाली आणतो. जनरेटरवर मुक्काम करणाऱ्यांना त्याचाच उपयोग. हार्ड स्टार्ट किट म्हणून जादा कपॅसिटर आणि रिले मिळतात, त्यांनी मोटरला धक्का मिळतो पण जनरेटरवरचा भार फारसा हलका होत नाही. आम्ही सॉफ्ट स्टार्टर घ्यायचं ठरवलं.

आत जाणारी हवा 33 अंश, बाहेर येणारी 22. अकरा अंशांचा फरक. गॅसबद्दलची उरलीसुरली शंकाही मिटली.

बुधवार

निघायच्या आधी, दुपारच्या थ्री फेजमध्ये पंप चालू असताना, शेवटची चाचणी. बोर्डावर 201. कॉम्प्रेसर उठला, किंचित अडखळून. 200 च्या खाली गेलं तर दुपारी एसी लावायचाच नाही, असं आम्ही ठरवून टाकलंय. कमी व्होल्टेजवर रेटून चालवला तर वाइंडिंग तापतं.

मालक शेजारी उभं राहून सगळं बघत होते. त्यांच्याकडे आता अशा गाड्या अधूनमधून येतात. त्यांनी विचारलं, "आमच्याकडून काय करून ठेवायला पाहिजे, तेवढं लिहून द्या." वहीचं पान फाडून लिहिलं: मीटरपासून थेट आंब्यापर्यंत 4 ची वेगळी लाइन, तिच्यावर दुसरं काही नको. 16 अँपिअरचं औद्योगिक सॉकेट, पावसापासून झाकलेलं. त्याला स्वतःचा एमसीबी (जास्त करंट झाला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (करंट गळला की तोडणारा). नीट अर्थिंग, आणि ते दर उन्हाळ्यात तपासायचं, कारण जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं. बोर्डावर एक छोटा व्होल्टमीटर, म्हणजे पाहुण्यांना बटण दाबायच्या आधी आकडा दिसेल.

त्यांनी कागद वाचला, वायरीचं अंतर पावलांनी मोजलं आणि म्हणाले, "अंबडच्या काकांनाच बोलावतो. ऑक्टोबरच्या छाटणीआधी करून घेऊ."